काळ्या कुंकवाची कुळकथा

आजीच्या लग्नाचा आमच्याकडे एकच फोटो आहे. 1938 सालचा, वाईच्या वाड्याच्या मागच्या अंगणात काढलेला. मागे पलंगपोस टांगलाय, त्याचा एक कोपरा सुटून भिंत दिसते. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी. दोघांच्या मुंडावळ्या सरळ लोंबतायत, म्हणजे वारा नव्हता. आणि आजीच्या कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट.

"आजीनं काळं कुंकू का लावलं?" असं लहानपणी आईला विचारलं होतं. "फोटो काळापांढरा, मग कुंकू काळंच दिसणार," ती म्हणाली. उत्तर पटण्यासारखं होतं आणि चुकीचं होतं. हातातला हिरवा चुडा त्याच फोटोत करडा आहे. मग लालानंच काय घोडं मारलं होतं?

फोटोच्या काचेवर जो लेप असे, त्याला सुरुवातीला फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. 1873 साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आलं, की लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवंही दिसू लागतं. या सुधारलेल्या जातीला 'ऑर्थो' म्हणत. लाल मात्र तिलाही दिसेना. कुंकवावरून परतलेल्या उजेडाचा काचेवर परिणामच होत नसे. निगेटिव्हवर तेवढी जागा कोरी राही आणि कागदावर ती काळी उमटे. कुंकू, लाल काठ, खणाची लाल चोळी, सगळ्यांची हीच गत. डार्करूममध्ये लाल दिवा लावून काचा धुता येत, तेही त्यामुळेच. तो लाल दिवा आणि आजीचं काळं कुंकू ही सख्खी भावंडं. सगळे रंग ओळखणाऱ्या 'पॅनक्रोमॅटिक' काचा इंग्लंडात 1906 पासून विकत मिळत होत्या. पण त्या मिट्ट काळोखात धुवाव्या लागत. ऑर्थोचं राज्य पुढेही बरीच वर्षं चाललं.

आता अंगणाकडे वळू. घरातल्या लग्नात फोटो घराच्या मागे का?

कारण उजेड. 25 जानेवारी 1858 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. निघण्यापूर्वी टी. आर. विल्यम्स यांनी आई-बाप आणि नवरी असा तिघांचा फोटो घेतला. मुलगी आणि आल्बर्ट ठीक आले. राणी हलली, तिचा चेहरा पुसट झाला. साम्राज्याच्या मालकिणीलाही काही क्षण स्तब्ध बसणं चुकलं नाही, तिथे अंतरपाट दूर होतानाची धांदल कोण टिपणार? मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी कॅमेरा चालवत होते. पण लग्न लागताना फोटो काढायचा तर त्या काचांना उजेड पुरणार कसा? त्यातून मुहूर्त गोरज असला तर संपलंच. गायी घरी येतात तेव्हाच उजेड घरी जातो. म्हणून लग्न लागे ते एका वेळी आणि फोटोतलं लग्न दुसऱ्या वेळी. सकाळी, अंगणात, पलंगपोसापुढे. आपल्या जुन्या फोटोंतली नवरा-नवरी इतकी ताठ का, याचा दोष आपण तेव्हाच्या संकोचाला देतो. निम्मा तरी काचेला द्यायला हवा.

कॅमेरा माजघरात शिरला तो दिवा घेऊन. 1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगमगणारी पूड निघाली, पण तिचा धूर आणि ठिणग्या मांडवात कोण सोसणार! 1930च्या आसपास काचेत बंद केलेला फ्लॅश-बल्ब आला आणि सोय झाली. एक बल्ब, एक फोटो, मग बल्ब फेकून द्यायचा. 1974 साली आत्याचं लग्न घरीच लागलं, तेव्हा ते जळके बल्ब वेचायला आम्ही पोरं फोटोग्राफरच्या पायांत असायचो. गरम असत, आतली तार वितळून काचेला फोड आलेले. मी एक कंपासपेटीत ठेवला होता.

त्या लग्नात दुसरा कॅमेरा काकाचा होता, आग्फा क्लिक थ्री. ऊन की ढग एवढीच निवड. 120चा रोल, बारा चौकोनी फोटो. रोलच्या पाठीला काळा कागद, त्यावर आकडे, आणि कॅमेऱ्याच्या पाठीला छोटी लाल खिडकी; मळसूत्र फिरवत खिडकीत पुढचा आकडा आणायचा. ही खिडकी लाल का? तर तीही त्याच खानदानातली. जुन्या फिल्मला लाल उजेड बाधत नसे, म्हणून आकडे पाहायला लाल काच. पॅन फिल्म आल्यावर लालही बाधू लागला, पण खिडकी लालच राहिली. लग्नघरात एकदा आलेला पाहुणा हलत नाही, तशी.

काका भावाच्या नात्यानं कानपिळीलाही उभा होता आणि फोटोलाही. आकडा फिरवायचं विसरला. त्यामुळे आमच्याकडे एक फोटो आहे, ज्यात आत्याच्या डोक्यावर अक्षता पडतायत आणि त्याच अक्षतांतून जिलब्यांचं ताट घेऊन आजोबा चाललेत. बारातला एक फोटो कमी झाला म्हणून काकाला तेव्हा बोलणी बसली. आज तेवढा एकच चौकटीत आहे.

मग 36 फोटोंचे रोल आले, रंग आला, मंगल कार्यालयं आली, फोटोग्राफरचे दोन मदतनीस आले. घर सुटलं. ते परत आलं एप्रिल 2021 मध्ये, सरकारी आदेशानं: लग्नाला माणसं 25, वेळ दोन तास. भाचीचं लग्न आमच्या इमारतीच्या गच्चीवर लागलं. भाच्यानं काकाचा क्लिक थ्री तेल-पाणी करून आणला होता आणि त्यात इल्फर्डचा ऑर्थो रोल भरला होता. ही फिल्म कंपनीनं 2019 मध्ये रोलमध्ये काढली. संवेदनशीलता 80, म्हणजे मंद. पिवळ्या बल्बच्या उजेडात तर त्याहून मंद, कारण त्या उजेडात लालच फार. खाली हॉलमध्ये ट्यूब, बल्ब सगळं लावून पाहिलं. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, दोघांना उन्हात आण."

पलंगपोस नव्हता. पाण्याच्या टाकीला टेकून दोघं उभी राहिली. बारा फोटो संपले, मळसूत्र फिरवून कागद पूर्ण गुंडाळला, भाच्यानं मास्क खाली ओढून रोलची डिंकपट्टी जिभेनं ओली केली आणि चिकटवली.

रोल धुऊन यायला तीन आठवडे लागले. नवरीचं कुंकू काळंकुट्ट, शालूचे काठ काळे, चुडा करडा. मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत काकाचं उत्तर आलं: "छान. पण रोल जुना दिसतोय, कुंकू बिघडलं. मोबाईलमधला पाठव."