ख्रिस्ती आणि मराठी: श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरते?

रोह्याहून वाहत येणारी कुंडलिका नदी रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधून समुद्राला मिळते. कोर्लईचा किल्ला तुम्ही रील्समध्ये पाहिला असेलच. पण किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे ख्रिस्ती लोक घरात कोणती भाषा बोलतात, माहीत आहे?

'आपली भाषा'

गावकरी तिला 'नॉ लिंग' म्हणजेच 'आपली भाषा' म्हणतात. तिच्यातले बरेचसे शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, म्हणजे क्रियापद शेवटी. 1740 मध्ये चौल-रेवदंडा पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं. राज्यकर्ते गेले, पण इथले ख्रिस्ती लोक, त्यांचा धर्म आणि त्यांची भाषा इथेच राहिली. आज ही भाषा बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. शिक्षण आणि बाजार मराठीत होतो, त्यामुळे ही भाषा टिकेल का, हा प्रश्न खरा आहे.

धर्म बदलला म्हणजे संस्कृती सोडली का?

हा प्रश्न कवी नारायण वामन टिळकांनाही विचारला गेला. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई जवळपास पाच वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. 1900 मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. त्या काळातली ओढाताण त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचायला मिळते.

टिळकांचं म्हणणं सरळ होतं: ख्रिस्ताला मानायचं तर त्यासाठी साहेबी वेष किंवा साहेबी चाली कशाला हव्यात? त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. 1919 मध्ये टिळक गेले. अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

मग उद्देश कुठे सापडतो?

मराठी ख्रिस्ती इतिहासात याचं उत्तर बहुतेकदा कामात दिसतं. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळात होरपळलेल्या मुली आणि विधवांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. साध्या लोकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतरही त्यांनी केलं.

अलीकडचं उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. वसईतल्या जमिनी आणि हिरवाई वाचवण्यासाठी ते रस्त्यावर उतरले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एक धर्मगुरू त्या पदावर कसा, अशी टीका तेव्हा झाली. म्हणजे टिळकांच्या काळातला प्रश्न अजून मिटलेला नाही.

पेणचा धागा

श्रद्धेचा हा शोध फक्त ख्रिस्ती घरांपुरता राहिला नाही. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 1895 मध्ये विनोबा भावे जन्मले. त्यांनी हिंदू राहूनच नव्या कराराचा अभ्यास केला आणि त्यातली निवडक वचनं 'ख्रिस्तधर्मसार'मध्ये एकत्र केली. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायला स्वतःचा सोडावा लागत नाही, हे त्यांनी असं दाखवलं.

आजच्या तरुणांसाठी काय?

नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या ख्रिस्ती तरुणाला आजही कधीतरी 'मग तू मराठी कसा?' असं विचारलं जातं. त्याला वाद घालायची गरज नाही. कोर्लईच्या घरातली भाषा, टिळकांचे अभंग, रमाबाईंचं केडगाव हे सगळं याच मातीतलं आहे. आणि विचारणारे तुम्ही असाल, तर पुढच्या वेळी कोर्लईचा किल्ला पाहून झाल्यावर थोडा वेळ गावातही थांबा. 'आपली भाषा' कशी वाटते, ते ऐका.