दाविदाचे नृत्य आणि मीखलेची खिडकी : एका प्रसंगाच्या दोन संहिता

उपासनेतील मुक्त, देहभान हरपून केलेल्या नृत्याला बायबलची मान्यता आहे की नाही, हा प्रश्न ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांत वारंवार उपस्थित झाला आहे. मान्यता देणारे स्तोत्रसंहितेतील १४९ व १५० या स्तोत्रांचा आधार घेतात; निषेध करणारे सोन्याच्या वासराभोवतीच्या नाचाची आठवण देतात. बायबल हा एकाच आवाजात बोलणारा ग्रंथ आहे, हे दोन्ही पक्षांचे समान गृहीतक आहे. ते बाजूला ठेवले की चित्र वेगळे दिसू लागते. या प्रश्नावरील वाद बायबलच्या वाचकांनी सुरू केलेला नाही. तो बायबलच्या आतच सुरू झालेला असून, एकाच प्रसंगाच्या दोन संहितांमधून त्याचा माग काढता येतो.

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट. समूहनृत्यासाठी हिब्रूमध्ये 'माखोल' आणि 'मखोला' ही नामे येतात. समुद्र ओलांडल्यानंतर मिर्याम डफ घेते आणि सर्व स्त्रिया तिच्यामागे नाचत निघतात, तेव्हा निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात हाच शब्द आहे. बत्तिसाव्या अध्यायात मोशे डोंगरावरून उतरतो आणि वासरू व नाच पाहून शिलापाट्या फोडतो, तेथेही तोच. एकाच ग्रंथात, सतरा अध्यायांच्या अंतराने, एकच शब्द मुक्तीच्या आनंदाचा आणि धर्मभ्रष्टतेचाही वाचक ठरतो. शब्दाला स्वतःचा असा कोणताही कलंक नाही. इफ्ताहाची कन्या विजयी पित्याला सामोरी येते ती नाचत, आणि त्याच्या नवसाचा बळी ठरते. शिलोच्या मुली द्राक्षमळ्यांत नाचायला बाहेर पडतात, आणि बन्यामीन वंशाचे पुरुष त्यांना पळवून नेतात. हिब्रू कथनांत नाचणाऱ्या देहाभोवती, विशेषतः स्त्रीदेहाभोवती, आनंद आणि आपत्ती अशा शेजारी शेजारी उभ्या असतात.

दाविदाचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वेगळा ठरतो, कारण येथे नाचणारा पुरुष आहे, आणि तो राजा आहे. २ शमुवेल ६ मधील हा प्रसंग लेओनहार्ट रोस्ट यांनी १९२६ मध्ये कोशकथेचा, म्हणजे कराराच्या कोशाविषयीच्या एका स्वतंत्र प्राचीन कथनाचा, शेवट मानला होता. कोश यरुशलेमेत आणण्याचा पहिला प्रयत्न फसतो. बैल अडखळतात, उज्जा कोशाला हात लावून सावरू पाहतो आणि जागीच मरतो. दावीद आधी संतापतो, मग भितो. कोश तीन महिने ओबेद-अदोम गित्ती याच्या घरी राहतो. दुसऱ्या वेळी कोश वाहणारे सहा पावले चालतात न चालतात तोच बळी दिला जातो. दाविदाच्या नृत्याचे वर्णन यानंतरचे आहे. या क्रमाकडे वाचकांचे पुष्कळदा दुर्लक्ष होते. हे निर्भर आनंदाचे नृत्य आहे खरे, पण ज्या वस्तूने नुकताच एक माणूस मारला, तिच्या समोरचे आहे.

या नृत्यासाठी निवेदक 'किरकेर' हे क्रियापद वापरतो. हिब्रू बायबलमध्ये ते याच अध्यायात दोनदा येते, अन्यत्र कोठेही नाही. उगारित येथे सापडलेल्या काव्यात एल हा देव आनंदाने बोटे फिरवतो, तेथे याच धातूचे रूप आढळते. त्यावरून गरगर फिरण्याचा अर्थ बहुतेक अभ्यासकांना मान्य होतो. दुसरे क्रियापद 'पिझ्झेझ', म्हणजे चपळ उसळी घेणे, तेही तितकेच विरळ. नित्याचे शब्द हाताशी असूनही निवेदक ते टाळतो, हे येथे महत्त्वाचे. दाविदाच्या अंगावर तागाचा एफोद आहे. ते बाल शमुवेलाच्याही अंगावर असलेले, उपासनेच्या सेवेतील वस्त्र. वेदीला पायऱ्या करू नयेत, चढताना नग्नता दिसेल, अशी आज्ञा ज्या परंपरेत आहे, तिच्यात अपुऱ्या वस्त्राने उसळ्या घेणारा राजा हा साधा विषय नव्हता.

मीखल हे दृश्य खिडकीतून पाहते आणि मनात त्याला तुच्छ मानते. तिच्या या तुच्छतेला धर्मनिष्ठेचा अभाव म्हणून निकालात काढणे हा भक्तिपर टीकाकारांचा प्रघात; तो फारसा टिकणारा नाही. मीखलेचे दाविदावर प्रेम होते असे १ शमुवेल १८ मध्ये निवेदक स्पष्ट सांगतो, आणि स्त्रीच्या पुरुषावरील प्रेमाची अशी नोंद हिब्रू कथनांत अत्यंत विरळ आहे. दावीदही तिच्यावर प्रेम करीत होता, असे मात्र तो कोठेच सांगत नाही. पुढे शौलाच्या मारेकऱ्यांपासून वाचवण्यासाठी तिनेच त्याला खिडकीतून खाली सोडले. नंतर तिचे लग्न पालटीएलाशी लावले गेले, आणि राजकीय सोयीसाठी दाविदाने तिला परत मागितले तेव्हा तो पती रडत रडत तिच्या मागोमाग चालत आला. आता ती पुन्हा खिडकीत आहे. या क्षणी निवेदक तिला दाविदाची पत्नी न म्हणता शौलाची कन्या म्हणतो, याकडे रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८१ मध्ये लक्ष वेधले होते. १९९१ मध्ये क्लाइन्स आणि एस्केनाझी यांनी संपादित केलेला संग्रह तर सर्वस्वी मीखलेच्या कथेलाच वाहिलेला आहे. आणखी एक धागा येथे जोडता येतो. शौलाच्या मनात दाविदाविषयीचा मत्सर पेटला तो विजयी सैन्याला सामोऱ्या आलेल्या स्त्रियांच्या नाचगाण्यामुळे. शौलाच्या घराण्याच्या ऱ्हासाला एका नृत्याने आरंभ झाला होता, आणि त्या घराण्याची कन्या दुसरे नृत्य पाहत उभी आहे.

दोघांचा संवाद मानापमानाविषयी आहे. आज इस्राएलाच्या राजाने काय मान मिळवला, असा तिचा उपहास; आपल्याच सेवकांच्या दासींसमोर त्याने स्वतःला उघडे केले, एखाद्या रिकामटेकड्याने करावे तसे. दाविदाचे उत्तर क्रूर आहे: देवाने तिच्या पित्याला डावलून आपल्याला निवडले. मग तो म्हणतो की, आपण याहूनही हलके होऊ, आणि ज्या दासींचे नाव ती घेते त्यांच्याकडूनच मान मिळवू. हिब्रूत मानासाठीचा धातू मूळचा जडपणाचा, अपमानासाठीचा हलकेपणाचा. संवादाची सारी धार या द्वंद्वावर उभी आहे. इंग्रजी रूपांतरांत ती बोथट होते. मराठी वाचकाला मात्र ती विनासायास कळावी, कारण 'गौरव' हा शब्द 'गुरु' म्हणजे जड यापासून आला आहे, 'लाघव' हा 'लघु'पासून, आणि 'हलका माणूस' हा प्रयोग आजही जिवंत आहे. राजा जमिनीवरून उसळी घेतो तेव्हा शब्दशः हलका होतो. नृत्याचे असे शारीरिक सत्य आणि प्रतिष्ठेचे गणित एकाच शब्दात बांधणारा निवेदक सामान्य नव्हे.

इतिहासाचे पुस्तक साधारणपणे इ. स. पू. चौथ्या शतकातले मानले जाते. त्याच्या लेखकासमोर शमुवेलाची संहिता कोणत्या ना कोणत्या रूपात होती, आणि त्याने तिच्यात केलेले फेरफार बोलके आहेत. १ इतिहास १५ मध्ये 'किरकेर' नाही. त्या जागी दावीद तलम तागाचा झगा ल्यालेला आहे. कोश वाहणारे लेवी आणि गायकही तसेच. 'गिरक्या घेणारा' आणि 'झगा ल्यालेला' या हिब्रू शब्दांची व्यंजने एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की, मूळ शब्द चुकीचा वाचला गेला असावा असेही सुचवले गेले आहे. परंतु बदल येथेच थांबत नाहीत. मीखल खिडकीत आहे, तिची तुच्छताही आहे. पण तिला जे दिसते त्यासाठी 'रिक्केद' आणि 'सिहेक' ही नाचण्या-खेळण्याची नित्याची क्रियापदे येतात. संवाद गाळला आहे. दासी नाहीत, उघडेपणाचा आरोप नाही, मीखल मरेपर्यंत निपुत्रिक राहिल्याचे वाक्यही नाही.

याहून सूक्ष्म बदल 'सर्व शक्तीनिशी' या शब्दप्रयोगाचा. शमुवेलात तो यशस्वी मिरवणुकीतील दाविदाच्या नृत्याला जोडलेला आहे. इतिहासकाराकडे तो तेराव्या अध्यायात, म्हणजे उज्जाच्या मृत्यूने संपलेल्या फसलेल्या मिरवणुकीत आढळतो; पंधराव्या अध्यायातील यशस्वी मिरवणुकीच्या वर्णनात नाही. तेराव्या अध्यायातला शब्द त्याला आपल्या आधारसंहितेत तसाच मिळालेला असू शकतो. तरीही परिणाम बदलत नाही. पहिला प्रयत्न का फसला याचे कारणही तो देतो: लेव्यांनी नियमाप्रमाणे कोश वाहिला नव्हता. आनंदाला त्याचा विरोध आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. हेमान, आसाफ, एथान यांची नेमणूक, झांजा, वीणा, कर्णे यांचा थाट तो हौसेने मांडतो. फक्त हा आनंद आता नेमलेल्या माणसांकडे वाटून दिलेला आहे. स्तोत्र १५० मध्ये नृत्याचे नाव वाद्यांच्या यादीत येते, ते याच सुव्यवस्थित जगाशी जुळणारे.

ग्रीक रूपांतरात प्रसंगाला तिसरेच वळण मिळते. चौदाव्या वचनात दावीद नाचत नाही. तो सुरात लावलेली वाद्ये वाजवतो. रूपांतरकारासमोरची हिब्रू संहिता वेगळी असण्याची शक्यता येथे नाकारता येत नाही. मीखलेच्या टोमण्यातील 'रिकामटेकड्यांपैकी एक' हा मात्र ग्रीकमध्ये 'नाचणाऱ्यांपैकी एक' होतो. नाचणे हीच शिवी झाली. आणि लगेच पुढे ग्रीक दावीद उत्तर देतो त्यात हिब्रूत नसलेले एक क्रियापद आहे: परमेश्वरासमोर मी नाचेन. फेकलेला शब्द तो उचलून अंगावर घेतो. हिब्रू संवादाचे रूपांतर म्हणून हे सदोष असेल, नाट्य म्हणून ते मुळाच्या बरोबरीचे आहे. जेरोमने लॅटिनमध्ये राजाला शक्तीनिशी नाचू दिले, पण मीखलेच्या तोंडी भांडासाठीचा शब्द घातला.

नव्या करारात मंडळीच्या उपासनेतील नृत्याचे वर्णन नाही. तेथील ठळक नृत्य हेरोदियेच्या मुलीचे, आणि त्याची किंमत योहानाचे शिर. चर्चच्या आचार्यांपुढे त्यामुळे दोन नृत्ये उभी राहिली. क्रिसोस्तोमने नाच तेथे सैतान असे निक्षून सांगितले. नाझिआन्झसच्या ग्रेगरीने नाचायचेच असेल तर हेरोदियेचा नाच सोडून दाविदाचा धरावा असा सल्ला दिला. अँब्रोजने दाविदाच्या नृत्याला रंगभूमीवरील अंगविक्षेपांपासून वेगळे काढून आत्म्याकडे वळवले. सहाव्या शतकाच्या अखेरीस थोरल्या ग्रेगरीने लढणाऱ्या दाविदापेक्षा नाचणारा दावीद अधिक विस्मयकारक मानला, कारण लढून त्याने शत्रू जिंकले, नाचून स्वतःला. नृत्याचा हा गौरव खरा, परंतु यातील बराचसा गौरव नम्रतेचा आहे; नाचणारा देह त्यात हळूहळू रूपक होत जातो. ज्यू परंपरेने तुलनेने तो देह राखला. मंडपांच्या सणातील पाणी काढण्याच्या रात्री धर्मनिष्ठ पुरुष मशाली घेऊन नाचत, असे मिश्ना नोंदवते.

मराठी भाषेचा या वादाशी थेट संबंध येतो तो १९०५ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. वेल्समधील व खासी टेकड्यांतील धार्मिक जागृतीच्या वार्तांमागोमाग तेथेही शेकडो मुली व स्त्रिया मोठमोठ्याने एकत्र प्रार्थना करू लागल्या. रडणे, अंगाला कंप सुटणे, हर्षाने उड्या मारणे असे प्रकार घडले. काही मिशनऱ्यांना त्यात उन्माद दिसला. पंडिता रमाबाईंनी ते थांबवण्यास नकार दिला. भारतीय ख्रिस्ती माणसांत पवित्र आत्म्याला आपल्या रीतीने कार्य करण्याची मोकळीक का नसावी, असा त्यांचा प्रश्न होता. आणि अडाणी मुलींप्रमाणेच सुशिक्षित इंग्रज स्त्री-पुरुषांचाही देहावरचा ताबा सुटताना आपण पाहिल्याचे त्यांनी १९०७ च्या सुमारास लिहिले. मीखलेचा आक्षेप प्रतिष्ठेचा होता, केडगावविषयीचाही बव्हंशी तोच. फरक असा की येथे नाचणारा राजा नव्हता. दासींनी पाहायचे आणि राजाने नाचायचे, ही शमुवेलातील रचना येथे उलटी झाली होती.

याच वर्षांत रमाबाई हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी रूपांतर करीत होत्या. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी मराठी हे त्यांचे उद्दिष्ट होते. अशा रूपांतरकर्त्यासमोर 'किरकेर' हा शब्द येतो तेव्हा पेच भाषेचा तेवढाच समाजाचा असतो. 'नृत्य' म्हटले तर शास्त्रोक्त कलेचा डौल येतो, दाविदाचा तोल सुटणे नाहीसे होते. 'नाच' म्हटले तर मराठी कानाला एकीकडे कीर्तनातला टाळकरी आणि दुसरीकडे तमाशाचा फड ऐकू येतो, आणि मीखलेचा टोमणा न सांगताच वाक्यात शिरतो.