मान्यखेटचे बीज आणि ऋणाचे मूळ

हळ्ळीखेडच्या दक्षिणेस, कागिणा नदीच्या काठी, मळखेड नावाचे गाव आहे. नवव्या शतकात हेच गाव मान्यखेट म्हणून विख्यात होते आणि राष्ट्रकूटांचा राज्यकारभार तेथून चालत असे. अमोघवर्ष नृपतुंगाचे नाव ‘कविराजमार्ग’ या आद्य कन्नड ग्रंथाशी निगडित आहे, हे सीमाभागातील वाचकास ठाऊक असते. त्याच राजाची आरंभी स्तुती करून महावीराचार्याने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ८५० च्या सुमारास रचला, याची वाच्यता मात्र इकडे क्वचितच होते. साहित्याच्या अभ्यासकांनी गणिताला उंबरठ्यावरूनच परत पाठविले, त्याचे हे फळ असावे.

ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात धन आणि ऋण राशींचे नियम आहेत. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही वर्ग धनच. ऋण राशी मुळात कोणाचाच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ असू शकत नाही, असा महावीराचार्याचा निर्वाळा आहे. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यानेही आपल्या ‘बीजगणिता’त हेच सांगितले. हा निर्वाळा म्हणजे प्राचीनांची मर्यादा, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे. सापडत नसलेली वस्तू ‘नाही’ असे स्पष्ट सांगण्यास शास्त्रकाराला धैर्य लागते.

खरी गंमत पुढे, क्षेत्रगणिताच्या अध्यायात आहे. तेथे ‘जन्य’ नावाची क्रिया येते. दोन ‘बीज’ संख्या घ्याव्यात. त्यांच्या वर्गांचे अंतर ही एक बाजू, त्यांच्या गुणाकाराची दुप्पट ही दुसरी बाजू आणि वर्गांची बेरीज हा कर्ण. २ आणि १ या बीजांपासून ३, ४, ५ हे क्षेत्र उपजते. ३ आणि २ पासून ५, १२, १३. आता २ + √−१ या संमिश्र संख्येचा वर्ग करून पाहावा. उत्तर ३ + ४√−१ येते. ३ + २√−१ चा वर्ग ५ + १२√−१. ज्या मुळाला आचार्याने दार बंद केले, त्याचाच व्यवहार त्याच्या जन्यक्रियेत नकळत चालू होता!

अशी दोन क्षेत्रे सांधून विषम त्रिभुज बनविण्याची रीतही ग्रंथात आहे. ३, ४, ५ ची तिप्पट केली की ९, १२, १५ मिळतात. १२ ही बाजू सामाईक ठेवून शेजारी ५, १२, १३ जोडला की १३, १४, १५ बाजूंचा त्रिभुज सिद्ध होतो. दोन बाजूंच्या गुणाकारास लंबाने भागले असता परिवर्तुळाचा व्यास मिळतो, हा नियम ब्रह्मगुप्तापासून चालत आलेला. महावीराचार्यानेही तो दिला आहे. येथे १३ गुणिले १५ भागिले १२, म्हणजे १६¼.

ऋणाच्या मुळाला जागा मिळाली ती फार उशिरा. कास्पार वेसेल हा डेन्मार्कमध्ये काम करणारा नॉर्वेजियन भूमापक. त्याने १७९७ मध्ये कोपनहेगनच्या अकादमीपुढे निबंध वाचला आणि संमिश्र संख्या ही सपाटीवरील दिशायुक्त रेषा होय, असे दाखविले. निबंध १७९९ मध्ये छापला गेला आणि जवळजवळ शंभर वर्षे विस्मरणात पडून राहिला. आर्गांने १८०६ मध्ये आणि गाउसने १८३१ मध्ये हीच कल्पना मांडली. क्षेत्रगणिताची गाठ अखेर एका जमीन मोजणाऱ्याने सोडवावी, हा योग मोठा सूचक आहे.

वेसेलच्या दृष्टीने वरील त्रिभुज पाहिला, तर लंबाच्या पायथ्याशी शून्य ठेवून त्याचे शिरोबिंदू −५, ९ आणि १२√−१ असे तीन संख्यांत लिहिता येतात. परिवर्तुळाचा मध्य २ + ४⅛√−१ येतो. या संख्येपासून ८⅛ अंतरावर असणाऱ्या सर्व संख्या, एवढेच त्या वर्तुळाचे वर्णन. तिन्ही शिरोबिंदू त्यात बसतात आणि व्यास पुन्हा १६¼ च येतो.

मूळ ग्रंथ रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासहून प्रकाशित केला. त्याची हिंदी अनुवादासहित आवृत्ती १९६३ मध्ये निघाली, ती सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघातर्फे.