बाळाजी आवजींचा अर्ज आणि किनाऱ्यावरचे दाखले

नोकरीसाठी लेखी अर्ज करण्याची रीत रायगडच्या किनाऱ्यावर इंग्रजी अमदानीबरोबर आली, असा समज सहज होतो. परंतु मराठी परंपरेने जपलेली अर्जाची सर्वांत प्रसिद्ध हकीकत सतराव्या शतकातील आहे आणि तिचा आरंभ जंजिऱ्यात होतो. सिद्दीच्या चाकरीतील आवजी हरि चित्रे यांना धन्याच्या गैरमर्जीमुळे प्राणास मुकावे लागले, त्यांची पत्नी व बाळाजीसह तीन मुलगे यांना गुलाम म्हणून विकण्यासाठी गलबतावर चढविण्यात आले, आणि ते गलबत राजापूरच्या बंदरास लागल्यावर तेथे असलेल्या मामाने त्यांना सोडवून घेतले, असे बखरी सांगतात. (हे राजापूर आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, जंजिऱ्यासमोरील खाडीवरचे राजपुरी निराळे.) राजापुरास कारकुनी करीत असताना बाळाजींनी शिवाजी महाराजांना पत्र लिहून आश्रय मागितला, महाराजांना ते अक्षर व तो मजकूर पसंत पडला, आणि पुढे बाळाजी आवजी स्वराज्याचे चिटणीस, म्हणजे राजपत्रे लिहिणारे व सांभाळणारे अधिकारी, झाले.

ही कथा ज्यांच्या लेखणीतून ठसठशीतपणे आली, ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे बखरकार मल्हार रामराव चिटणीस बाळाजींचेच वंशज होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पूर्वजाच्या पहिल्या अर्जाचे वर्णन वंशज करतो तेव्हा त्यात थोडी भर पडणे स्वाभाविक आहे. तरीही तपशील बाजूला ठेवले तरी कथेचा गाभा विचार करण्याजोगा उरतो. बाळाजींना जी नोकरी हवी होती तिचे काम पत्र लिहिण्याचेच होते, त्यामुळे त्यांचे विनंतिपत्र हाच त्यांच्या कामाचा नमुना ठरला. बोरूने लिहिलेली मोडी जलद असूनही वाचता आली पाहिजे, मायना (पत्राच्या आरंभी पत्र घेणाऱ्याचा दर्जा ओळखून योजायचे संबोधन) चुकता कामा नये, आणि मुद्दा फापटपसाऱ्यात हरवता कामा नये, या तिन्ही कसोट्या एकाच कागदावर लागत होत्या. ‘अक्षर उत्तम आहे’ असे त्यात लिहिण्याची गरजच नव्हती. शिवकालीन मोडीच्या एका वळणाला चिटणिसी हे नाव मिळाले, यावरून या पदाशी अक्षराचा संबंध किती जवळचा होता हे कळते.

मात्र एकदा मिळालेली चाकरी वतनासारखी घराण्यात राहू लागली की पुढच्या पिढीला अर्जाचे कारण उरत नाही. संभाजीराजांच्या कारकिर्दीत 1681 साली बाळाजींना देहदंड झाला, तरी त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांच्याकडे चिटणिशी चालू राहिली. याच किनाऱ्यावरील श्रीवर्धनची देशमुखी सोडून सिद्दीच्या जाचामुळे बाहेर पडलेले बाळाजी विश्वनाथ भट 1713 साली पेशवे झाले; पण त्यांची वाट ओळखी आणि हाताखालच्या कारकुनीतून गेली. घराण्याचे नाव आणि मोठ्यांची शिफारस हीच त्या काळात बहुतेकांची पात्रता होती.

आंग्र्यांचे कुलाबा संस्थान 1840 साली इंग्रजांनी खालसा केले आणि 1869 साली अलिबाग हे मुख्य ठिकाण असलेला स्वतंत्र कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, झाला. कचेरीत तेव्हा उमेदवारी चाले. म्हणजे जागा रिकामी होईपर्यंत तरुणाने बिनपगारी लिखापढी करायची आणि वरिष्ठांच्या नजरेत भरायचे. बाळाजी आवजींच्या नमुन्याचेच हे लांबलेले, आणि सधन घरालाच परवडणारे, रूप म्हणता येईल. पुढे व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, तलाठ्याच्या किंवा प्राथमिक शिक्षकाच्या जागेसाठी पुरेशी मानली जाऊ लागली आणि शिफारशीच्या जोडीला दाखला आला. तरी अक्षराचे महत्त्व संपले नाही: ‘स्वहस्ताक्षरात अर्ज करावा’ ही सूचना मराठी वृत्तपत्रांतील जाहिरातींत विसाव्या शतकातही दीर्घकाळ छापली जात होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्याने एक निराळीच पात्रता पाहिली. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर यांसाठी पनवेल-उरण भागातील जमिनी संपादित झाल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. आणि बंदर 1989 साली सुरू झाले. जमीन गेलेल्या कुटुंबाला मिळणारा प्रकल्पग्रस्ताचा दाखला नोकरीच्या अर्जास जोडला जाऊ लागला, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. उमेदवाराला काय येते हे हा कागद सांगत नाही, त्याच्या घराने काय गमावले ते सांगतो. आणि तो एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला वापरता येत असल्याने भावाभावांत तो कोणी वापरायचा हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला.

स्वतःविषयी स्वतःच लिहिण्याची, शिक्षण, अनुभव व कौशल्ये मांडणाऱ्या परिचयपत्राची म्हणजे बायोडेटाची रीत इतकी उशिरा आली की तिच्यात जुन्या कागदांचे अंश शिल्लक राहिले. वडिलांचे नाव, मूळ गाव, कधी जातही, ही माहिती कामाशी संबंध नसताना पहिल्याच ओळींत येते, कारण घराणे सांगण्याची सवय मोडायला वेळ लागतो. शिवाय लग्नाच्या स्थळासाठीचा कागदही त्याच नावाने ओळखला जातो.

या सर्वांहून वेगळा आणि बाळाजी आवजींच्या कसोटीला सर्वांत जवळचा कागद मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन तालुक्यांतील खलाशांकडे आहे. व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्यास सी.डी.सी., म्हणजे प्रत्येक सफरीची नोंद होत जाणारी अखंड सेवापुस्तिका, बाळगावी लागते. पूर्वी भरती सारंगांच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमांच्या, हाती असे आणि गाववाल्याची ओळख व सारंगाला द्यावी लागणारी रक्कम यांना महत्त्व होते. सफर संपल्यावर वर्तन व कामाविषयीचा कप्तानाचा शेरा मात्र विकत घेता येण्याजोगा नव्हता, निदान सहजासहजी नव्हता. आज याच गावांतील तरुण मुंबईच्या भरती कंपन्यांकडे जो सी.व्ही. पाठवतात, त्यात विशेषणांना जवळजवळ जागा नसते. जहाजाचे नाव, प्रकार, टनभार, इंजिनाची शक्ती, हुद्दा, चढल्याची तारीख आणि उतरल्याची तारीख असा तक्ता असतो, आणि त्याची प्रत्येक ओळ सी.डी.सी.तील शिक्क्याशी ताडून पाहिली जाते. दोहोंत एका महिन्याचाही फरक आढळला तर त्याचे कारण उमेदवाराला सांगावे लागते.