देवळालीचा ताप

ब्रिटिश सैनिकांच्या बोलींत ‘डूलाली टॅप’ असा एक शब्दप्रयोग रूढ होता. ज्याचें मन थाऱ्यावर नाहीं, अशा माणसाविषयीं तो योजीत. त्यांतील ‘डूलाली’ म्हणजे नाशिकजवळची देवळाली, आणि ‘टॅप’ म्हणजे ताप. ज्या गांवच्या उत्तम हवेमुळें तेथें आरोग्यभुवनें उभीं राहिलीं, त्याचेंच नांव वेडाशीं कां जोडलें जावें?

या प्रश्नाचें उत्तर हवेंत नसून व्यवस्थेंत आहे. थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला आणि देवळालीचें पठार मुंबई बंदरास जोडलें गेलें. विलायतेहून आलेल्या पलटणी येथील छावणींत उतरत. मुदत संपलेले सैनिक परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेंच राहत. छावणी, रेल्वे आणि जहाज अशी ती तीन कड्यांची सांखळी होती.

परंतु या कड्यांमधील संबंध सारखे नव्हते. भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ सालींच झाला होता. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर, थळ घाट अडला तरी पुण्यावरून वळसा घालून मुंबई गांठणें शक्य झालें. जहाजाची गोष्ट वेगळी. सैन्याचीं जहाजें बहुधा हिंवाळ्याच्या हंगामांतच ये-जा करीत. शेवटचें जहाज चुकलेल्या सैनिकास पुढील हंगामापर्यंत थांबावें लागे. बराकी शाबूत, गाड्या चालू. तरी सुटका नाहीं. हातांस काम नाहीं, वर उन्हाळा. कित्येक मद्याच्या आहारीं जात, कित्येकांचीं मनें खचत.

पहिला संबंध दळणवळणाचा. त्यास पर्याय असूं शकतो. दुसरा अवलंबनाचा, तेथें आधार गेला कीं आश्रितही निकामी होतो. अवलंबन परस्परांचें असेल तर धोका वाढतो. १९३० च्या सुमारास थळ घाटांत विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. त्यांना वीज कल्याणजवळच्या ठाकुर्ली केंद्रांतून मिळे, आणि त्या केंद्राचा कोळसा रेल्वेच वाहून आणी.

२८ सप्टेंबर २००३ रोजीं इटलींत असेंच घडलें. वीजकेंद्रें बंद पडतांच संदेशवहनाचीं केंद्रें थांबलीं, आणि त्यांवर विसंबलेलीं आणखी वीजकेंद्रें बंद पडलीं. या घटनेच्या आधारें बुल्दिरेव्ह, हॅव्हलिन प्रभृति शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं दाखवून दिलें कीं, एकटें जाळें थोडथोडें विरत जातें. परस्परावलंबी जाळीं मात्र एका मर्यादेपर्यंत तग धरून एकाएकीं कोसळतात. अवलंबन कमी केल्यास ही पडझड सौम्य होते, असेंही त्या वर्षींच्या पुढील अभ्यासांत आढळलें.

वीजकेंद्रापाशीं राखलेला कोळशाचा साठा, संदेशकेंद्राची स्वतःची विद्युत्घटमाला, यांचें मोल यांतच आहे. देवळालीच्या सैनिकांस असा राखीव आधार नव्हता. हंगामाबाहेर सुटणारें एखादें जहाज तो ठरलें असतें, आणि एका निरोगी गांवाच्या माथीं हा ताप आला नसता.