जुन्या गिअरबॉक्समधलं लाल तेल

ऑटोमॅटिक गाडी दीड लाख किलोमीटर चालली आणि गिअरबॉक्सचं तेल तोवर एकदाही बदललं नसेल, तर आता त्याला हात लावू नका, हा सल्ला आमच्या धंद्यात उस्तादाकडून पोराकडे चालत आला आहे. मीही तो तसाच घेतला. पुण्यात स्वतःचं गॅरेज टाकल्यावर मात्र, हा सल्ला आला कुठून, हे शोधल्याशिवाय मला राहवेना. माग काढत गेलो तो अमेरिकेतल्या गाड्यांपर्यंत पोचलो.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत तेलाचं काम साधं असतं: दात झिजू द्यायचे नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भागातून इंजिनाचा जोर पुढे पोचवतं, दाब देऊन गिअर बदलतं आणि उष्णता बाहेर नेतं. शिवाय क्लच प्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. म्हणजे बेअरिंगला ते निसरडं हवं आणि प्लेटांना मात्र त्यातच पकड मिळाली पाहिजे. जनरल मोटर्सने 1939 च्या अखेरीस, 1940 च्या ओल्ड्समोबिल मॉडेलसाठी, हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला आणि या अवघड मागणीचा इतिहास सुरू झाला. 1949 मध्ये कंपनीने या तेलाचं 'टाइप ए' हे प्रमाण जाहीर केलं, 1957 मध्ये ते सुधारलं आणि 1967 मध्ये डेक्स्रॉन आणलं.

पकड आणि निसरडेपणा यांचा मेळ त्या काळी घातला तो स्पर्म व्हेलच्या तेलाने. दिसायला तेल असलं तरी ते मुळात पातळ मेण. उष्णतेत टिकणारं आणि प्लेटांना झटका न देता धरू देणारं. रस्त्यावरच्या गाडीचा गिअर हळुवार पडावा म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते, हे कळल्यापासून लाल तेलाचा डबा मी पूर्वीसारखा सहज उघडू शकलेलो नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने या देवमाशाला संरक्षण दिलं, तेल बंद झालं आणि कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. त्या धडपडीत होहोबाच्या बियांचं तेल वापरून पाहिलं गेलं. डेक्स्रॉनच्या एका नव्या प्रकाराने तर कूलरचे डाग दिलेले सांधेच खाल्ले, आणि तो प्रकार बदलावा लागला. शिवाय फोर्डचं टाइप एफ वेगळं: त्याची पकड कडक, म्हणून चुकीच्या गाडीत पडलं की गिअर झटक्याने पडायचे. नव्या तेलाची धास्ती फिटर लोकांच्या मनात बसली ती याच वर्षांत, असं माझं मत आहे. तेव्हा ती रास्तही होती.

दुसरा बदल कमी लोकांच्या लक्षात आला. जुन्या कित्येक अमेरिकन गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग असे. तो उघडला की जवळजवळ सगळं तेल निघायचं. पुढे हा प्लग गेला. आता खालचं चेंबर उतरवलं तरी बरंचसं जुनं तेल कन्व्हर्टरमध्येच राहतं. मग काही गाड्यांतून तेल तपासायची पट्टीही गेली आणि 'आयुष्यभराचं तेल' हे शब्द आले. कोणाचं आयुष्य, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते. आपल्याकडचं ऊन, खंबाटकीचा चढ आणि सिग्नलला रांगणारी गर्दी पाहता मी त्यातला लहान आकडा धरतो.

तरीही 'तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला' हे लोक सांगतात ते खोटं नसतं. बहुतेक मालक तेलाचा विचार करतात तोच मुळी गिअर घसरायला लागल्यावर. तोवर प्लेटांचं अस्तर संपलेलं असतं. नवं तेल पडतं, महिन्याभरात गाडी उभी राहते आणि दोष तेलावर येतो.

म्हणून माझ्याकडे गाडी आली की किलोमीटरचा आकडा मी नंतर पाहतो. आधी चालवून बघतो, मग थोडं तेल पांढऱ्या कागदावर टाकतो. काळपट असलं तरी चालेल. जळका वास मात्र वाईट. चेंबरमधल्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणारच. धातूचे कपचे किंवा अस्तराचे तुकडे दिसले तर आत झीज झाली आहे. (एएमटी गाडीवाल्यांनी यात पडू नये. 2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या त्या गाड्यांत साधा गिअरबॉक्सच असतो, त्याचं तेलही साधं.) गिअर नीट पडत असतील तर दोन लाख झालेल्या गाडीचंही तेल मी बदलतो: चेंबर उतरवून, फिल्टर नवा घालून, कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, म्हणजे कन्व्हर्टरमधलं जुनं तेल टप्प्याटप्प्याने निघतं. मशीन लावून दाबाने धुणं मी जुन्या गाडीला करत नाही.

गिअर आधीच घसरत असेल तर मालकाला मी पहिल्यांदा गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च सांगतो. तरीही त्यांना तेलच बदलून पाहायचं असेल, तर उतरवलेलं चेंबर त्यांच्यासमोर ठेवतो, त्यातला गाळ त्यांना स्वतःच्या बोटांनी चोळून पाहू देतो, आणि मगच नवा डबा फोडतो.