गुरुजनांची देवघेव

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात प्लिमथ स्टेट नावाचे एक विद्यापीठ आहे. २००४ सालापासून काही वर्षे तेथे उन्हाळ्यात पाकिस्तानातील शिक्षक येत असत. खर्च अमेरिकन सरकारचा. पाहुण्यांनी काही आठवडे राहावे, तेथील शाळा पाहाव्यात, अध्यापनाच्या नव्या पद्धती समजून घ्याव्यात आणि परत जाऊन आपल्या सहकाऱ्यांना त्या शिकवाव्यात, अशी ती योजना होती. ही हकीकत वाचल्यावर आम्हांला नकाशा उघडून पाहावासा वाटला. परभणीहून दिल्ली सरळ रेषेत हजाराच्या आसपास किलोमीटर आहे; कराची बाराशेच्या आसपास. म्हणजे कराची आपल्याला दिल्लीहून फार दूर नाही. तरी तेथील मास्तरांना शाळा पाहण्यासाठी महासागर ओलांडून जाणे सोपे आणि आमच्या शाळेच्या ओसरीवर येणे अवघड. हे असे नेहमीच होते काय, या प्रश्नाचा थोडा शोध घ्यावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

नेहमीच असे नव्हते. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १९३६ पर्यंत कराची आणि पुणे एकाच इलाख्यात होती. १८८७ साली कराचीत निघालेले दयाराम जेठमल सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, आणि सिंध वेगळा प्रांत झाल्यावरही तेथील महाविद्यालयांचा हा संबंध १९४७ पर्यंत टिकला. अकरा-बारा दशकांपूर्वी कराचीचा विद्यार्थी आणि पुण्याचा विद्यार्थी पदवीसाठी एकाच विद्यापीठाकडे पाहात होते, ही गोष्ट आज दोन्हीकडच्या तरुणांना सांगितली तर खरी वाटावयाची नाही.

या काळात मुंबईकडून सिंधला गेलेल्या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांत नारायण जगन्नाथ वैद्य हे नाव पहिल्याने घ्यावयास हवे. ते सिंधचे डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. कराचीत ऑक्टोबर १८५५ मध्ये सुरू झालेली सिंधमधील पहिली सरकारी शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. एन. जे. व्ही. हायस्कूल ते हेच. पूर्वीचा बंदर रोड आता महंमद अली जिना मार्ग झाला. परंतु त्याच मार्गावरील या शाळेचे नाव बदललेले नाही. राज्ये बदलली, झेंडे बदलले, लक्षावधी माणसे इकडची तिकडे झाली. एका मराठी गृहस्थाचे नाव मात्र कराचीच्या भर वस्तीत शाळेवर कायम राहिले. राज्यकर्त्यांचे पुतळे हलविले जातात. शाळामास्तराचे नाव लोक राहू देतात.

परंतु वैद्यांचे सगळेच उपक्रम फळाला आले असे मात्र नाही. सिंधी भाषा शाळेत शिकवावयाची तर तिला ठरीव लिपी हवी. १८५३ साली सरकारने अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी निश्चित केली. पुढे १८६८ साली हिंदू सिंधी व्यापाऱ्यांच्या वहीखात्यांत चालणाऱ्या खुदाबादी लिपीला शाळेच्या उपयोगाचे रूप देण्याचे काम वैद्यांवर सोपविण्यात आले. व्यापाऱ्यांच्या घाईच्या लिहिण्यात स्वरचिन्हे गाळली जात. वैद्यांनी दहा स्वरांची सोय करून ती लिपी नीट बसविली. काम शास्त्रशुद्ध होते, पण लिपी रुजली नाही. सिंधीचा गाडा अरबी वळणाच्या अक्षरांवरच पुढे चालला. बाहेरून आलेल्या शिक्षकाने किती सुंदर साधन घडविले यापेक्षा, ज्यांच्यासाठी ते घडविले त्यांनी ते हाती घेतले की नाही, यावर त्याचे यश ठरते. हा धडा वैद्यांच्या यशाइतकाच मोलाचा आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. मुंबई विद्यापीठाचा वारा तिला लागत नव्हता. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे सुभ्याचे ठिकाण आणि परभणी त्या सुभ्यातला जिल्हा. या सुभ्याच्या शाळांवर तपासनीस म्हणून उत्तरेकडील एक विद्वान नेमले गेले. त्यांचे नाव मौलवी अब्दुल हक. जन्म १८७० चा, मेरठजवळच्या हापूडचा; शिक्षण अलीगढचे. १९१२ साली ते अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीस झाले आणि त्या अखिल भारतीय संस्थेचे बिऱ्हाड त्यांनी औरंगाबादेत आणले. अनेक वर्षे उर्दूच्या कोशांचे, ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे काम या मराठवाड्यातून चालले. पुढे ते औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्यही झाले. १९४८ साली ते कराचीला गेले. तेथे त्यांनी १९४९ मध्ये उर्दू कॉलेज काढले, त्याचे २००२ साली विद्यापीठ झाले. पाकिस्तानात त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतात. १९६१ साली ते कराचीतच वारले. पाकिस्तानच्या शिक्षणातील हे एक मोठे नाव. पण त्यांची उमेदीची वर्षे आपल्या सुभ्यात गेली, हे आपल्यालाही फारसे ठाऊक नसते.

येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा इतिहास नुसता गोडवा होईल. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण इंग्रजीतून न देता देशी भाषेतून द्यावयाचे, हा त्याचा विचार त्या काळी सगळ्या हिंदुस्थानात धाडसाचा होता. अब्दुल हकांनी त्याच्या भाषांतर विभागाची उभारणी केली. शास्त्रांची पाश्चात्त्य पुस्तके उर्दूत आली. पण ती देशी भाषा म्हणजे उर्दू. परभणीच्या, सेलूच्या, जिंतूरच्या मराठी पोराला प्राथमिक वर्ग ओलांडले की तीही परकीच वाटे. घरात मराठी, वर्गात उर्दू, असा त्याचा संसार. मातृभाषेचा कैवार घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या मातृभाषेकडे पाहिलेच नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या त्याच इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातून ‘वंदे मातरम्’ची चळवळ उठली, ती उस्मानियापर्यंत पोचली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला.

आता पुढचे पाहा. १९४८ नंतर हैदराबादेतील अनेक शिक्षक कराचीला गेले. उस्मानियातील गणिताचे नामवंत अध्यापक रझिउद्दीन सिद्दिकी १९५० साली गेले आणि पेशावर, सिंध व इस्लामाबाद अशा तीन विद्यापीठांचे कुलगुरू झाले. इतकी अनुभवी माणसे गेली, तर मराठवाड्याचा अनुभवही त्यांच्याबरोबर जावयास हवा होता. तो गेला नाही. १९५२ च्या फेब्रुवारीत ढाक्याला बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी रक्त सांडले. १९५७ च्या सुमारास कराची विद्यापीठाने सिंधी भाषेतून उत्तरे लिहिण्यास बंदी केली. १९७२ साली सिंधमध्ये भाषेवरून दंगली पेटल्या. ज्या कराचीत वैद्यांसारख्यांनी सिंधी शिक्षणाचा पाया घातला, तेथेच सिंधी पोराची अवस्था परभणीच्या मराठी पोरासारखी झाली. माणसांची ये-जा झाली म्हणजे ज्ञानाची देवघेव झाली असे नव्हे, हे आम्हांस म्हणावयाचे आहे ते याचसाठी.

मग अब्दुल हक येथून काही शिकून गेलेच नाहीत काय? गेले, आणि ज्याच्याकडून शिकले तो कोणी पंडित नव्हता. औरंगाबादेत असताना त्यांचे वास्तव्य बीबीच्या मकबऱ्याच्या आवारात होते. तेथे नामदेव नावाचा एक माळीकाम करणारा माणूस होता, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतला. त्याला मूलबाळ नव्हते. झाडांनाच तो मुलांसारखा सांभाळी. एका वर्षी पाऊस आला नाही, विहिरी आटल्या. तेव्हा त्याने लांबून पाणी वाहून आपली झाडे जगविली. शेवटी मधमाश्यांचे मोहोळ उठले असता इतर पळाले, तो मात्र कामात गढलेला राहिला आणि त्यांच्या दंशांनी मेला. अब्दुल हकांनी त्याचे शब्दचित्र लिहिले. आपापल्या अंगी असलेला गुण पूर्णत्वाला नेणे, हाच माणसाचा मोठेपणा, असा त्याचा आशय. ‘नामदेव माली’ हा पाठ पाकिस्तानातील शाळांच्या उर्दू पाठ्यपुस्तकांत पोचला. आमच्या दुष्काळी मुलखातला एक नामदेव तेथील मुलांना कामाची निष्ठा शिकवितो, आणि मराठवाड्यातील किती मुलांना तो ठाऊक आहे? विद्वानाने मान खाली घालून माळ्याकडे पाहिले, त्या क्षणी तो तपासनीस राहिला नाही, विद्यार्थी झाला.

अशी खरी देवघेव आपल्या काळातही घडलेली आहे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशभर ‘असर’ पाहणी सुरू झाली. पद्धत अगदी साधी. गावोगाव घरी जावयाचे, मुलाच्या हाती एक कागद द्यावयाचा आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी त्याला काय वाचता येते ते पाहावयाचे, वजाबाकी-भागाकार घालावयाचे. पाकिस्तानातील शिक्षणकार्यकर्त्यांनी हीच पद्धत उचलली आणि ‘असर’ हे नावही तसेच ठेवले. दोन्हीकडे निष्कर्ष सारखाच निघाला : शाळेत जाणारे पुष्कळ मूल वाचू शकत नाही. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना दाखवावे असे हे दुखणे आहे, आणि दुखणे दाखविल्याशिवाय औषध सुचत नाही.

सार्क देशांनी मिळून २०१० साली दिल्लीत दक्षिण आशियाई विद्यापीठ सुरू केले, त्यात पाकिस्तानचे विद्यार्थीही आले. पण राजकारणाचे वारे फिरले की ही दारे आधी आपटतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम येथे निरपराध माणसे मारली गेली आणि त्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांची व्हिसा सेवा थांबविली. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्यासमोर मैत्रीची प्रवचने झोडावीत, असे आम्ही म्हणणार नाही. देशाचे रक्षण हा सरकारचा धर्म आहे. आम्ही इतकेच म्हणतो की, दार बंद असतानाही इतिहास आठवावयास व्हिसा लागत नाही.

आपल्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. दूरदूरची माणसे तेथे येतात, येथली बाहेर जातात. आमच्या शाळांतील गुरुजीही प्रशिक्षणाला जातात. परत आलेल्यांना आपण विचारतो : काय पाहिलेत? काय आणलेत? यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत. तुम्ही तेथे कोणाच्या भाषेत बोललात? आणि तेथल्या कोणत्या नामदेवाला भेटलात? या दोन प्रश्नांना ज्याच्यापाशी उत्तर आहे, त्याचा प्रवास फुकट गेला नाही. मग तो प्रवास न्यू हॅम्पशायरचा असो, कराचीचा असो, की शेजारच्या तालुक्याचा.